अकरावं नाव

११ जानेवारी

भुंग्या,

पत्ता तुझ्या बायकोकडून मिळाला. तिच्यावर रागावू नकोस. मी तीनदा फोन केला, तिसऱ्यांदा तिनं कंटाळून दिला. म्हणाली, "ताई, पत्र लिहा, पण मी दिला असं सांगू नका." आता सांगितलंच. हल्ली मला काही लपवायचाच कंटाळा येतो.

माझे मेल तू उघडत नाहीस हे सहा वर्षांत कळलंय. कागद निदान हातात तरी घ्यावा लागतो, फाडायला का होईना.

बाबा बरे आहेत. परवा चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, आता स्वतःच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव दिसत नाही. मी पेपर वाचून दाखवते तर मधेच हात वर करतात, "थांब. हा शब्द दीर्घ म्हणालीस. छापलाय कसा?" छापलेला ऱ्हस्वच असतो. मग त्यांचा अर्धा तास त्या वार्ताहराला नावं ठेवण्यात जातो. तुझं नाव ते काढत नाहीत. मीही काढत नाही. दोघांनाही त्याची सवय झालीय.

मी ऑगस्टअखेर नोकरीतून सुटणार. त्याआधी हॉस्पिटलमध्ये नवा सर्व्हर येतोय आणि अधीक्षकांनी यंत्रांच्या नावांची नियमावली लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. नाव किती लांब असावं, कुठली चिन्हं चालतील वगैरे. पहिल्याच पानावर लिहिलं, 'अक्षरं, आकडे आणि मधली रेघ. खालची रेघ चालणार नाही.' त्यानंतर आठवडाभर दुसरं वाक्य सुचलं नाही. म्हणून हे पत्र.

त्या शनिवारबद्दल आपण कधी बोललो नाही. सर्व्हरनं नाव नाकारलं, ती त्याची रीत. तुझे फोन मला ऐकू आले नाहीत, मी बाबांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात होते. तुला काढलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. एवढंच सांगायचं होतं.

ताई

२ फेब्रुवारी

भुंग्या,

उत्तर आलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं. पण पाकीट परतही आलं नाही, म्हणजे घरात कुठेतरी पडलं असेल.

नियमावली आता दीड पानावर आहे. तिच्यात जे लिहिता येत नाही ते इथे लिहितेय. तुला सगळं माहीतच आहे, तरी लिहू दे.

चादरींच्या कोठारामागची आपली खोली अजून तशीच आहे. बारा महिने थंडी, फिनेलचा वास, मी स्वेटर घालून. तू नव्यानं लागलास तेव्हा मी तुला दाखवलं होतं की यंत्रं एकमेकांना नावानं हाक मारतात, पण पोचतात आकड्यानं. वॉर्डातल्या यंत्रानं विचारायचं, 'लॅब कुठंय?' आणि आपल्या सर्व्हरनं यादीत बघून तिचा आकडा सांगायचा. यादी गेली की सगळे जागच्या जागी असूनही कुणाला कुणी सापडत नाही. तू ऐकता ऐकता गुणगुणत होतास. लहानपणापासूनची खोड, त्यावरूनच तर भुंग्या झालास. पण डोकं चालायचं तुझं. महिन्याभरात यादी तुझ्या हाती दिली.

आणि तू रक्ततपासणीच्या नव्या यंत्राला नाव दिलंस, 'लॅब_दोन'. खालच्या रेघेनं जोडलेलं.

मी म्हटलं, "मधली रेघ घाल. खालची नियमात बसत नाही."

तू म्हणालास, "चालतंय ना पण?"

"आज चालतंय."

"मग उद्या बघू. ताई, नियम लिहिणाऱ्यांनी जगात शंभर-दोनशे यंत्रं होती तेव्हा लिहिलाय तो. आता सगळे सर्व्हर समजून घेतात. समोरचा काय म्हणतोय ते कळतंय ना, मग शब्द पकडून कशाला बसायचं?"

खरं सांगायचं तर तुझं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. सर्व्हरला तीन सवयी लावता येतात. चुकीचं नाव दिसलं तर गप्प बसायचं, नाहीतर कुरकुर करायची, नाहीतर अख्खी यादीच घ्यायची नाही. आपला चार वर्षं कुरकुर करायचा. रोज सकाळी माझ्या मेलमध्ये त्याची एक ओळ यायची. मी तुला सांगायची, तू 'हो हो' म्हणायचास. लेखी तीनदा कळवलं. ते तीन कागद पुढे चौकशीत कामाला आले. तुझ्या नव्हे.

मग सर्व्हरवर नवी आवृत्ती टाकली तेव्हा तिच्यात ती तिसरी सवय आपोआप आली असणार. तसं होतं कधीकधी.

इथं थांबते. बाबांची हाक आली.

ताई

२० मार्च

भुंग्या,

तो बसड्रायव्हर तुला आठवतो का, असं विचारणं मूर्खपणाचं आहे. आठवतो हे मला माहीत आहे.

तो दर गुरुवारी व्यायाम करून घ्यायला येतो. त्याची बायको घेऊन येते. हे तुला ठाऊक नसेल. सहा वर्षं मी गुरुवारी मागच्या जिन्यानं जाते, एक्स-रेच्या बाजूनं. काल लिफ्ट बंद होती, म्हणून तेही मागच्याच जिन्यानं निघाले होते. तो पायरीवर बसून होता, दम खात. अंगानं धडधाकट दिसतो. हृदय थांबून परत सुरू झालं, पण मधली ती मिनिटं डोक्याला भोवली. जुनं सगळं आठवतं, कुठल्या थांब्यावर कोण चढायचं ते सांगतो. नवं काही टिकत नाही, दहा मिनिटांत पुसलं जातं.

बायकोनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. "तुम्ही कॉम्प्युटरच्या खात्यातल्या का?"

"हो."

"तुमच्यातलाच होता ना तो? ज्यानं नाव चुकीचं लिहिलं?"

मी पुन्हा 'हो' म्हटलं.

"नक्की चुकलं काय, ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. कागदावर 'तांत्रिक त्रुटी' एवढंच."

आवाजात राग नव्हता. आणि खरंच, सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं तिला. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि सांगितलं. यादी, नावं, मधली रेघ, खालची रेघ. वीजवाल्यांनी शनिवारी दुपारी जनरेटरची चाचणी घेतली, सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला, यादी वाचताना त्याला एक चुकीचं नाव दिसलं आणि त्यानं यादीच घेतली नाही. हॉस्पिटलमधले आतले फोनही त्याच यादीवर चालायचे. तुमच्या नवऱ्याच्या रक्तातलं पोटॅशियम हृदय बंद पडेल इतकं वाढलं होतं. लॅबला ते कळलं होतं, पण वॉर्डला कळवता येईना. माणूस चिठ्ठी घेऊन धावला, पण कोण कुठल्या खाटेवर आहे हेही कॉम्प्युटरमध्येच होतं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "एका रेघेपायी."

"हो."

"ती रेघ त्यानं त्याच दिवशी लिहिली होती का?"

"नाही. त्याच्या चार वर्षं आधी."

"मग चार वर्षं कसं चाललं?"

भुंग्या, चौकशी समितीत तीन माणसं होती. एक बाहेरून आणलेला इंजिनिअर होता. तीन बैठका झाल्या, चहा झाला, अहवाल झाला. हा प्रश्न कुणी विचारला नाही. बसड्रायव्हरच्या बायकोनं पायरीवर बसून विचारला.

मी म्हटलं, मला उशीर होतोय. आणि उठून आले.

ताई

१४ एप्रिल

भुंग्या,

आधीच्या पत्रांत मी दोन खोट्या गोष्टी लिहिल्या आणि एक लिहिलीच नाही.

नव्या आवृत्तीत काही आपोआप आलं नव्हतं. सवय मी बदलली. शुक्रवारी संध्याकाळी, पावणेसहाला, या हातानं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आपलं भांडण झालं होतं. तू लॅबवाल्यांसमोर म्हणालास, "आमच्या ताईला बाबांनी मुद्रितशोधक करायला हवं होतं. माणसं मेली तरी चालतील, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा." सगळे हसले. मीही हसले. तू विनोदच केला होतास, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दुपारभर ते डोक्यातून जाईना. घरात मी सांभाळायचं, बाबांच्या वेळा मी बघायच्या, चुका मी शोधायच्या, आणि लाडका तू. बाबा माझी शाळेतली पत्रंसुद्धा लाल खुणा करून परत द्यायचे. तुझी तशीच ठेवून घ्यायचे, "पोरगं लिहितंय हेच खूप" म्हणून.

मी ठरवलं, सोमवारी सकाळी सगळ्यांदेखत सर्व्हर चालू-बंद करायचा. यादी वर येणार नाही, तुझं तोंड उतरेल, मी दोन मिनिटांत दुरुस्त करीन. शनिवारच्या जनरेटरच्या चाचणीची सूचना माझ्या टेबलावर होती. मी ती वाचली नव्हती. लोकांना नीट न वाचल्याबद्दल बोलणारी मी.

आणि आता जे लिहिलंच नव्हतं ते. खालची रेघ असलेली नावं यादीत अकरा होती. अधीक्षकांच्या कार्यालयातल्या प्रिंटरचं होतं, एक्स-रेच्या दोन यंत्रांची होती, स्वयंपाकघराचं होतं. दहा मी स्वतः बसून बदलली, कुणाला न सांगता, कुणाला त्रास न देता. अकरावं तसंच ठेवलं.

नियमासाठी केलं असतं तर अकराही बदलली असती.

फोनचंही सांगते. तुझा पहिला फोन आला तेव्हा बाबांच्या डोळ्यांत थेंब घातले होते आणि आम्ही बाकावर बसलो होतो. मी मोबाइलवर तुझं नाव बघितलं. वाटलं, कालचंच भांडण पुढे चालवायचं असेल. आवाज बंद करून टाकला. नंतरचे सहा मी खरंच ऐकले नाहीत. यादी पडलेली असताना तुला सर्व्हरवर नुसतं वाचता येत होतं, बदलता येत नव्हतं; ती किल्ली, म्हणजे पासवर्ड, फक्त माझ्याकडे. तू त्या थंड खोलीत एक तास चाळीस मिनिटं समोर चूक दिसत असताना हात बांधून बसलास. शेवटी फोन बघून मी आले आणि एका मिनिटात खालच्या रेघेची मधली केली.

मग चौकशी. तू सगळ्यांसमोर मला एवढंच विचारलंस, "ताई, आदल्या दिवशी सेटिंग कुणी बदललं का?"

मी म्हणाले, "सेटिंग नियमाप्रमाणेच आहे."

त्या वाक्यात एकही चूक नाही. बाबांनासुद्धा सापडली नसती. त्यानंतर तू मान खाली घातलीस आणि पुन्हा काही विचारलं नाहीस.

ताई

९ मे

भुंग्या,

अधीक्षकांना लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला.

"बाई, निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या."

"पावणेचार."

"मग कशाला हे? सहा वर्षं झाली. प्रकरण मिटलंय. तुमचा भाऊ कुठंतरी फ्रिजदुरुस्ती करतो म्हणता, म्हणजे सुखात असेल."

मी म्हटलं, आवक नोंदवहीत नोंद करून पोच द्या. त्यांनी कारकुनाला बोलावलं. आता मला खोलीची किल्ली परत करायला लावलीय आणि जुन्या फायलींच्या दालनात बसवलंय. काम काही नाही. पंखा आहे. चौकशी पुन्हा उघडणार म्हणतात. नियमावली आता दुसरं कुणी लिहील.

त्याच दिवशी ड्रायव्हरच्या घरी गेले. दोन खोल्या, तळमजला. दारावर आतून मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलाय, 'बाहेर जाऊ नका. मी सहाला येते.' खाली तिची सही, त्याला ओळखता यावी म्हणून. ती कामावरून नुकतीच आली होती, पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या. मी उभ्यानंच सांगितलं, अकराव्या नावासकट.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. मी त्याची तयारी करून गेले होते. ती खुर्चीवर बसली, आणि तिनं एकेक करून चपला काढल्या.

मग म्हणाली, "तो आला होता इथे. तुमचा भाऊ. तेव्हाच, पहिल्या महिन्यात. मी तोंडावर दार लावलं त्याच्या. जिन्यातल्या सगळ्या बायका बघत होत्या. म्हटलं, पुन्हा दिसलास तर बघ."

हे मला ठाऊक नव्हतं. तू कधी बोलला नाहीस.

"आणि तुम्ही दर गुरुवारी समोर होतात," ती म्हणाली.

"समोर नव्हते. मागच्या जिन्यानं जायचे."

"म्हणजे ठरवून."

"हो."

तिनं माफ केलं नाही, आणि मी माफी मागितली नाही. तिनं दोनच गोष्टी मागितल्या. मी अधीक्षकांना दिलेल्या कागदाची शिक्का असलेली प्रत, आणि तुझा पत्ता. दोन्ही दिलं. तुझ्या बायकोला सांग, पत्ता पुन्हा एकदा माझ्याकडून बाहेर गेला.

बाबांनाही सांगितलं. ते पलंगाच्या कडेवर बसून होते. म्हणाले, "मी तुला फार तपासलं." एवढंच म्हणाले आणि आडवे झाले. मला तेही ऐकायचं नव्हतं. माझं मी केलंय.

ताई

३ जुलै

भुंग्या,

तू येऊन गेलास असं कळलं.

ड्रायव्हरच्या बायकोनं सांगितलं. तिनं तुला पत्र लिहिलं होतं, त्यात दार लावल्याबद्दल दोन ओळी होत्या म्हणाली. तू उत्तर न लिहिता सरळ आलास. जेवलास, त्यांच्या फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं ते बसवून दिलंस, तिच्या नवऱ्याबरोबर दोन तास जुन्या बसमार्गांवर बोललास. त्याच रात्रीच्या गाडीनं परत गेलास. आमचं घर तिथून चालत वीस मिनिटांवर आहे. मी त्या दिवशी घरीच होते. हे तक्रार म्हणून लिहीत नाही.

मी तिला विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला?"

ती सांगू की नको अशा विचारात होती. मग म्हणाली, "त्याला माहीत होतं म्हणाला. त्याच दुपारी. त्या खोलीत बसून त्यानं सर्व्हरच्या नोंदींचा सगळा लॉग वाचला, शुक्रवारी पावणेसहाची नोंद दिसली. बदलणाऱ्याच्या जागी तुमचं नाव."

"मग समितीला का नाही दाखवला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, त्यांनी शनिवारचा लॉग मागितला. मी शनिवारचा दिला."

मी उभी होते ती बसले.

"आणि म्हणाला, दोघांची नोकरी गेली असती तर म्हाताऱ्याकडे कुणी बघितलं असतं. माझ्याच्यानं झालं नसतं ते, तिच्याच्यानं होतं."

भुंग्या, सहा वर्षं मला वाटत होतं की तू माझ्यावर संशय घेऊन गेलास. संशयाशी मला लढता येत होतं. मी मनातल्या मनात रोज तुला उत्तरं देत होते. आता कळतंय की समितीसमोरचा तो प्रश्न तू माहिती काढायला विचारला नव्हतास. मला एक जागा करून दिली होतीस, बोलायला. मी व्याकरणशुद्ध वाक्य बोलले.

समितीचा नवा निकाल महिन्याभरात लागेल. तुझ्यावरचा ठपका काढून टाकतील असं कारकून सांगत होता, तुला कार्यालयाचं पत्र येईल. ते ठेव किंवा फेकून दे. माझं काय व्हायचं ते होईल. त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही, झोप मात्र पुरत नाही.

एक नवं सांगते आणि थांबते. ड्रायव्हरच्या बायकोला मंगळवारी सकाळचंही काम मिळालंय आणि नवऱ्याला सकाळ-दुपार दोन्ही वेळा एकटं ठेवणं तिला धोक्याचं वाटत होतं. तिनं मला विचारलं. प्रेमानं नव्हे, अडचण होती म्हणून. म्हणाली, "तुम्ही वेळ पाळता एवढं मला माहीत आहे." तेव्हापासून मंगळवारी अर्धी रजा टाकून दहा ते एक मी तिथे असते.

तो दर दहा मिनिटांनी विचारतो, "तुम्ही कोण?"

पहिल्या दिवशी मी म्हटलं, शेजारची. मग तेही खोटंच वाटलं. तेव्हापासून खरं सांगते. "मी हॉस्पिटलात होते. भावाला धडा शिकवायला एक गोष्ट मुद्दाम बिघडवून ठेवली. त्यामुळे तुमचा रिपोर्ट उशिरा पोचला. तुमचं हे असं झालं ते माझ्यामुळे."

तो नीट ऐकतो, मान हलवतो. दर वेळी थोडा विचार करतो आणि दर वेळी तेच म्हणतो, "झालं ते झालं. बसा ना, उभ्या का?"

मी बसते. दहा मिनिटं बरी जातात. मग तो पुन्हा माझ्याकडे बघतो आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. एका सकाळी सतरा-अठरा वेळा होतं. थकायला होतं फार. पण एकदाही शब्द गाळलेला नाही.

ताई